मांडी आणि अढळपद

मराठी घरात मूल आयुष्यातील बहुतेक पहिल्या गोष्टी कुणाच्या तरी मांडीवर करते. उष्टावणाचा पहिला घास मामाच्या मांडीवर बसून घेते, कान टोचून घेताना कुणाच्या तरी मांडीवर आकांत करते, बारशाला पाळण्यात जाण्यापूर्वी आणि पाळण्यातून बाहेर आल्यावर मांडीवरच विसावते. भाषेनेही या जागेला मोठा मान दिला आहे. ‘मांडीवर देणे’ आणि ‘मांडीवर घेणे’ या प्रयोगांचा अर्थ दत्तक देणे आणि घेणे असा होतो. कायद्याची भाषा येण्याच्या कितीतरी आधी वंशाचे, नात्याचे आणि इस्टेटीचे सगळे व्यवहार या दोन शब्दांत मावत होते.

ध्रुवाची कथाही मांडीपासूनच सुरू होते. उत्तानपाद राजाच्या मांडीवर बसू पाहणाऱ्या ध्रुवाला सुरुचीने, म्हणजे सावत्र आईने, बसू दिले नाही. तो वनात गेला, त्याने तप केले आणि त्याला अढळपद मिळाले. वर्गात ही कथा सांगताना आपण अढळपदाचा गौरव करतो. पण ऐकणाऱ्याच्या मनात रुखरुख उरते ती मांडीचीच. आकाशातील स्थिर जागा ही मांडीची भरपाई होऊ शकते काय, हा प्रश्न कथा सोडवत नाही. मोटारीत बाळासाठी सीट निवडण्याच्या आणि बसवण्याच्या निमित्ताने हा प्रश्न आमच्या घरात अगदी व्यावहारिक रूपात येऊन उभा राहिला. साहित्यचर्चेच्या पानांवर हा विषय घरगुती वाटेल. परंतु ज्या शब्दांवर आपण व्याख्याने देतो ते शब्द घरात कसे वागतात, हेही कधीतरी पाहायला हवे.

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. दोघांनीही चाळिशी ओलांडली आहे, आणि आमची मुलगी दत्तक आहे. केंद्रीय दत्तक यंत्रणेकडे नोंदणी केल्यावर काही वर्षे केवळ वाट पाहण्यात गेली. मग एका सायंकाळी बाळाची माहिती आली. एक छायाचित्र, वैद्यकीय तपासणीचा अहवाल, आणि निर्णय कळवायला अठ्ठेचाळीस तास. अहवालात लिहिले होते : वय सात महिने, वजन साडेसहा किलो. तिचा आवाज, तिची नजर, तिचे हसू यांपैकी काहीच ठाऊक होण्यापूर्वी आम्हाला तिचे वजन कळले. संस्था सोलापूरची, घर पुण्याला. तिला घरी आणायचे म्हणजे अडीचशे किलोमीटरांचा मोटारीचा प्रवास. त्यामुळे पाळण्याच्या आधी, झबल्यांच्या आधी, आम्ही विचार केला तो सीटचा.

या विचाराला एक साधे गणित कारणीभूत झाले. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असेल तर एका सेकंदात सुमारे १४ मीटर अंतर कापते. धडक बसून ती एक दशांश सेकंदात थांबली, तर आतील प्रत्येक वस्तू तिच्या वजनाच्या सुमारे चौदा पट जोराने पुढे जाऊ पाहते. साडेसहा किलोचे बाळ त्या क्षणी नव्वद किलोंहून जड होते. धान्याची पन्नास-पन्नास किलोंची दोन पोती समोरून खेचली जात असताना बसल्या जागी दोन हातांनी धरून ठेवता येतील काय? आईच्या हातांनाही ते शक्य नाही. बाळाला पोटाशी घेऊन दोघांवर मिळून एकच पट्टा लावला, तर आणखी वाईट : मग मोठ्या माणसाचा सगळा भार पट्ट्याच्या आणि स्वतःच्या मध्ये सापडलेल्या बाळावर पडतो. मांडी मायेची असेल, पण चालत्या गाडीत ती बाळाला धरून ठेवू शकत नाही. हे वाक्य लिहिताना आजही आमची लेखणी थोडी अडखळते.

ही अडखळ आपल्याच समाजाची आहे असे मात्र नाही. मोटारीत मुलांसाठी आसन सक्तीचे करणारा अमेरिकेतील पहिला राज्य-कायदा टेनेसीत झाला आणि तो १ जानेवारी १९७८ पासून लागू झाला. रॉबर्ट सँडर्स या बालरोगतज्ज्ञांनी त्यासाठी चिकाटीने प्रयत्न केले होते. पण विधिमंडळाने कायदा संमत करताना त्यात एक सवलत घातली : मोठ्या माणसाने मूल कडेवर वा मांडीवर घेतले असेल तर आसनाची गरज नाही. लोकप्रतिनिधींना आईच्या हातांवर अविश्वास दाखवणे जड गेले असावे. ती सवलत काढून टाकायला १९८१ साल उजाडले. म्हणजे जिथे हा कायदा जन्मला, तिथेही त्याला सगळ्यात शेवटी मांडीशीच झगडावे लागले.

या आसनाचा इतिहासही गमतीचा आहे. १९३० च्या दशकातील मोटारीतल्या बाळ-खुर्च्या सुरक्षिततेसाठी नव्हत्याच. मूल उंचावर बसावे आणि चालकाला दिसत राहावे, एवढाच त्यांचा हेतू. खरा बदल घडला तो स्वीडनमध्ये. बर्टिल आल्डमन या वैद्यक-संशोधकाने जेमिनी यानातील अंतराळवीर पाठ टेकून, उताणे बसलेले पाहिले. उड्डाणाचा प्रचंड जोर ते संपूर्ण पाठीवर घेत होते. लहान मुलासाठी हीच युक्ती का वापरू नये, असे त्याला वाटले, आणि १९६४ मध्ये व्होल्वो कंपनीने त्याच्या पाठमोऱ्या आसनाच्या नमुन्याची चाचणी घेतली. कारण शरीररचनेत आहे. मोठ्या माणसाचे डोके उंचीच्या साधारण एक अष्टमांश असते, नवजात बाळाचे जवळजवळ एक चतुर्थांश. एवढे जड डोके तोलणाऱ्या मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. बाळ समोर तोंड करून बसले असेल तर धडकेत धड पट्ट्यांनी अडते आणि डोके मात्र पुढे झेपावते. सारा ताण त्या कोवळ्या मानेवर येतो. तेच बाळ पाठमोरे असेल तर डोके, मान आणि पाठ एकत्रच आसनात दाबली जातात व आघात वाटला जातो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये वयाची अट काढून टाकली आणि आसनाच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसेल तोवर मूल पाठमोरेच ठेवावे, असा सल्ला दिला.

मराठीत ‘पाठमोरा’ हा शब्द बहुधा विरहाचा असतो. जाणारा पाठमोरा दिसतो, रुसलेला पाठमोरा बसतो. पण त्याच पाठीपासून ‘पाठराखण’ आणि ‘पाठबळ’ हे शब्दही निघाले आहेत. बाळाचे आसन या दुसऱ्या कुळातले.

आता निवडीविषयी. दुकानात गेल्यावर पहिली गोष्ट समोर आली ती ‘फोर इन वन’ : उचलून न्यायची टोपली, झुलायची खुर्ची, भरवायची खुर्ची आणि कारसीट, सगळे एकात. खोक्यावर मोटारीचे चित्र होते. पण टोपली उलटी करून पाहिली, तर प्रमाणनाची खूण कुठेही नव्हती. विक्रेत्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, “सर, सगळे हेच नेतात.” साहित्याच्या अभ्यासकाला लोकप्रियता आणि गुणवत्ता यांतील फरक समजावून सांगण्याची गरज नसावी. आम्ही खूण शोधत राहिलो. भारतात अशा आसनांसाठी एआयएस-०७२ हे मानक आहे; आयात केलेल्या अनेक आसनांवर युरोपीय नियमाची, म्हणजे ईसीई आर-४४ ची, नारिंगी पट्टी असते. त्या पट्टीवर वर्तुळात ‘ई’ हे रोमन अक्षर आणि एक आकडा असतो. आकडा मान्यता देणाऱ्या देशाचा : १ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलँड्स. पट्टीवर वजनाचा गटही लिहिलेला असतो. १३ किलोंपर्यंत एक गट, ९ ते १८ किलो हा त्याच्या पुढचा. आम्ही दोन्ही गटांना चालणारी सीट घेतली : १३ किलोंपर्यंत पाठमोरी, त्यापुढे समोर तोंड करून. अशा पट्टीचे चार शब्द वाचायला दोन मिनिटे लागतात, आणि गादीचा मऊपणा, कापडाचा रंग, पेला ठेवायची खोबण या सर्वांपेक्षा ती दोन मिनिटे मोलाची आहेत.

एका स्नेह्यांनी आपल्या मुलाची वापरलेली सीट आपुलकीने देऊ केली होती. आपल्याकडे बाळाला पहिले अंगडे दुसऱ्या मुलाचे, धुऊन मऊ झालेले घालतात. जुने अंगी लागते अशी त्यामागची श्रद्धा. पण सीटच्या बाबतीत हा रिवाज चालत नाही. एकदा धडक सोसलेल्या आसनाची ताकद गेलेली असू शकते आणि ते बाहेरून दिसत नाही. प्लास्टिकही उन्हाने व वयाने ठिसूळ होते. कित्येक सीटांवर वापराची अखेरची मुदत कोरलेली असते. ती सीट स्नेह्यांकडेही दुसऱ्या कुणाकडून आली होती, माहितीपुस्तिका हरवली होती. आम्ही ती आभारपूर्वक परत केली. तेव्हा एक विसंगती जाणवल्यावाचून राहिली नाही. जिच्या पूर्वायुष्याविषयी आम्हाला एका पानाहून अधिक माहिती नव्हती, अशा मुलीला आम्ही नि:शंक मनाने आपली म्हणणार होतो. आणि तिच्या सीटचा मात्र पूर्वेतिहास पक्का ठाऊक असावा, असा आमचा हट्ट होता. विचार केल्यावर कळले की दोन्ही गोष्टी एकाच मनातून निघाल्या होत्या. माणसाचा स्वीकार करताना इतिहास विचारायचा नसतो. त्याला धरून ठेवणाऱ्या वस्तूला तो विचारायचा असतो.

सीट घरी आली आणि तिच्यासोबत छप्पन पानी पुस्तिका. आम्हाला वाचनाची सवय आहे ती अनेकार्थी मजकुराची. अभिधा मागे टाकून लक्षणा, लक्षणेच्या पलीकडे व्यंजना, असा आमचा रोजचा धंदा. ही पुस्तिका निखळ अभिधेचा ग्रंथ होती. ‘निळ्या मार्गातून पट्टा न्या’ याचा अर्थ एकच : पट्टा निळ्या मार्गातूनच न्यायचा. निळा मार्ग पाठमोऱ्या स्थितीसाठी, तांबडा समोर तोंड करून बसण्यासाठी. त्यात रसिकाने भर घालायला जागा नाही. पहिल्या वाचनात ही भाषा रुक्ष वाटली, तिसऱ्या वाचनात तिच्याविषयी आदर वाटू लागला. न पाहिलेल्या मुलाची काळजी वाहणारा कुणी अनामिक लेखक एकही शब्द संदिग्ध राहू नये म्हणून धडपडत होता.

आमची गाडी जुनी, छोटी. नव्या गाड्यांत आसन थेट सांगाड्याला अडकवण्याचे आयसोफिक्सचे आकडे असतात, ते तिच्यात नाहीत. मागच्या मधल्या जागेला फक्त कमरेचा पट्टा. म्हणून तीन बिंदूंचा पट्टा असलेली कडेची जागा निवडली, चालकाच्या विरुद्ध बाजूची. पुढची सीट हा पर्याय बाद होता : समोर एअरबॅग असताना पाठमोरी सीट तिथे कधीही ठेवायची नसते, कारण बाळाच्या डोक्यामागेच ती पिशवी स्फोटासारखी फुगते. मग एकाने गुडघा सीटमध्ये रोवून सगळा भार दिला आणि दुसऱ्याने पट्टा खेचला. पट्टा जिथून जातो तिथे सीट धरून हलवली, तर ती कुठल्याही बाजूला इंचभराहून जास्त हलता कामा नये. आमची पहिल्यांदा तळहाताएवढी हलली, पाचव्यांदा अर्धा इंच. शर्ट घामाने भिजले होते, आणि आमच्यापैकी एकाच्या तोंडून शब्द निघून गेला : “अढळपद!”

कोनही पाहावा लागतो. सीट फार उभी असेल तर झोपलेल्या बाळाची हनुवटी छातीवर पडते आणि श्वासाला अडथळा होतो. फार आडवी असेल तर बाळ धडकेत वर सरकते. सीटच्या बाजूला कोन दाखवणारी रेघ असते, ती सपाट जमिनीवर गाडी उभी करून पाहायची. अंगावरच्या पट्ट्यांची उंची पाठमोऱ्या बाळासाठी खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी. ते इतके घट्ट हवेत की खांद्याजवळ पट्ट्याची चुणी चिमटीत धरता येऊ नये. जाड स्वेटरवर पट्टा आवळला, तर घट्टपणाचा नुसता भास होतो. थंडी असेल तर आधी पट्टे लावायचे, मग वरून दुपटे. आम्ही साडेसहा किलो तांदूळ एका पिशवीत भरून त्या पट्ट्यांत बसवून पाहिला. शेजारचे कौतुकाने पाहत होते.

सगळ्यात कठीण चाचणी घरातच व्हायची होती. आई, म्हणजे बाळाची आजी, पंच्याहत्तरीच्या. नात येणार म्हणून त्यांनी जुन्या सुती लुगड्याचे दुपटे शिवले होते, आणि येताना मागच्या सीटवर नातीला घेऊन आपण बसायचे हे त्यांनी गृहीत धरले होते. सीट पाहून त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “अरे, दत्तक घेणं म्हणजे मांडीवर घेणं. आणि पहिल्याच दिवशी पोर मांडीवर घ्यायचं नाही म्हणता? मग घेतलंत काय तुम्ही?”

भाषा शिकवणाऱ्या दोघा माणसांना भाषेनेच निरुत्तर केले होते. पोत्यांचे गणित त्या वेळी सांगवले नाही. त्या वाक्यात वेगाचा प्रश्न नव्हताच. एकदा कुणाच्या तरी हातून सुटलेले मूल आपण पुन्हा हातात घेतो आहोत की नाही, हे त्या विचारत होत्या. सूनबाई त्यांच्याजवळ बसून म्हणाल्या, “आई, गाडी उभी असेल तेव्हा मांडी तुमचीच. गाडी चालू झाली की तिची जागा तिची.” त्यांनी विचारले, “आणि रडली तर?” “तर गाडी थांबवायची. कितीही वेळा.” एवढाच करार झाला.

तो अक्षरश: पाळला गेला. संस्थेत ज्या मावशींनी बाळाला पाच महिने वाढवले होते, त्यांनी तिला आणून आजींच्या मांडीवर ठेवले, आणि तासभर आम्ही कुणीच तिथून हललो नाही. नंतर सीट. मोहोळपर्यंत ती इतकी रडली की हायवेचा प्रत्येक किलोमीटर मोजता आला. तिला काढून छातीशी धरावे असे गाडीतल्या तिन्ही माणसांना त्या अर्ध्या तासात कितीदा वाटले असेल! मोहोळला गाडी थांबली, ती मांडीवर आली, शांत झाली, दूध प्याली. पुन्हा सीट, पुन्हा रडणे, पण थोडे कमी. टेंभुर्णीला थांबलो. इंदापूर मागे पडले तेव्हा ती झोपली होती. आजी शेजारी, स्वत:चा पट्टा लावून. पट्टा न लावलेला माणूस धडकेत शेजारच्या बाळावरच आदळतो हे त्यांना एकदाच सांगावे लागले. चालकाला ती पाठमोरी, पण आजींना तिचा चेहरा पुरता दिसत होता आणि त्यांचे बोट तिच्या मुठीत होते. भिगवणला पुन्हा अर्धा तास. एरवी साडेचार-पाच तासांचा रस्ता, त्या दिवशी आठ तास लागले.

हा प्रश्न मोटार असलेल्यांचा आहे याची आम्हाला जाणीव आहे. या राज्यातील असंख्य मुले दुचाकीवर आईबापांच्या मध्ये दाबून बसतात. चार वर्षांखालील मुलांना दुचाकीवर नेताना चालकाशी जोडणारा पट्टा, डोक्याला शिरस्त्राण आणि ताशी ४० किलोमीटरांची वेगमर्यादा, असा नियम फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने केला. मोटारीसाठी २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९४-ब हे कलम आले. चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने वा बाल-आसनाने सुरक्षित केलेले नसेल तर एक हजार रुपये दंड. पण दंडाने मांडी हटत नाही. ती हटायची तर बांधणे म्हणजे दूर लोटणे नव्हे, हे मनाला पटावे लागते. आणि आपल्या परंपरेला ते अपरिचित नाही. ऊसतोडीला निघालेली बाई मूल झोळीत बांधते. चौकाचौकांतील पुतळ्यांत झाशीची राणी लक्ष्मीबाई मुलाला पाठीशी बांधूनच घोड्यावर बसलेली असते. आणि तो मुलगाही दत्तकच होता. नोव्हेंबर १८५३ मध्ये तो मांडीवर आला, १८५४ मध्ये इंग्रजांनी त्याची गादी नाकारली. मांडी नंतर गादी, हा दत्तकाचा जुना क्रम.

कारसीटला मराठी शब्द शोधण्याचा आम्ही बराच खटाटोप केला. ‘बालासन’ योगवर्गातले वाटले, ‘सुरक्षासन’ शासकीय परिपत्रकातले. अखेर शब्द दिला तो आजींनी. बाहेर निघताना त्या नातीला म्हणतात, “चला, गादीवर बसा.” घरात आता तोच शब्द रूढ आहे. परवा वजन केले तेव्हा साडेनऊ किलो भरले. समोर तोंड करून बसवायला नियमाची हरकत नाही, पण पाठमोरे बसवण्याची मर्यादा तेरा किलोंची आहे. तेवढे अंतर तिने पाठीनेच कापावे, असे आमचे तिघांचेही मत पडले.